क्लिफर्ड थर्टलची दोनशे बारा पावलं

लिटल ब्रॅकनममध्ये खोटं बोलायला कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. गळाला लागलेला मासा केवढा होता, प्रदर्शनातला भोपळा किती भरला, जावई लंडनला नेमकं काय करतो, या बाबतीत आमचा प्रत्येक माणूस स्वयंभू आहे. पण जमिनीतला धातू हुडकणारं यंत्र घेऊन शेतं तुडवणाऱ्या डिटेक्टर क्लबातल्या मंडळींचं खोटं वेगळ्या जातीचं. ते शिस्तीचं खोटं. नांगरलेल्या शेतात जुनं नाणं सापडलं की विचारणाऱ्याला शेजारच्या शेताचं नाव सांगायचं, आणि शेजारच्यानं विचारलं तर त्याच्याही पलीकडच्या. खरी जागा फक्त दोघांना ठाऊक असावी, बायकोला आणि यंत्राला. त्यातही यंत्र बरं, असं सिरिल केरिसन म्हणायचा. ते निदान बंद तरी करता येतं.

एनिड थर्टलला मात्र बंद करायची कधी गरजच पडली नाही. सव्वीस वर्षं तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढलं, कुणाच्या घरात काय शिजतंय हे तिला ताटातल्या उरल्यासुरल्यावरून कळत असणार, पण तिच्या तोंडून एक अक्षर कधी बाहेर पडलं नाही. आमच्यासारख्या लोकांना हा तिच्यातला मोठा दोष वाटायचा. शहाजिऱ्याचा केक मात्र ती असा करायची की लोक तिच्या अबोलपणाला माफ करत.

दर नोव्हेंबरात गावच्या हॉलमध्ये क्लबाचा समारंभ होई. चहा, सॉसेज रोल, आणि शेवटी थर्टल कप. कप म्हणजे केवढा, तर उकडलेलं अंडं ठेवावं एवढा. पण मान मोठा. एनिडचा नवरा क्लिफर्ड याच्या नावानं तो सुरू केलेला, आणि वर्षभरात आपली प्रत्येक वस्तू ज्या जागी सापडली ती जागा ज्यानं सर्वांत चोख नोंदवली, त्याला तो मिळायचा. क्लिफर्ड २००९ मध्ये गेल्यापासून कप द्यायचं काम एनिडकडे आलं. ती स्टेजवर चढायची, कप द्यायची, हात मिळवायची आणि खाली उतरायची. भाषण नाही. लोक म्हणत, बिचारीला गहिवरून येतं.

गहिवर नव्हता तो.

झालं होतं असं. १९८३ च्या शरद ऋतूत, कापणी उरकल्यावर, क्लिफर्डला क्रो टेकडीवर एक ब्रोच सापडली. तळहाताएवढी, कांस्याची, वर सोन्याचा मुलामा, चौकोनी डोकं आणि त्यावर एकमेकांना गिळणारी जनावरं कोरलेली. चौदाशे वर्षांपूर्वी कुणा बाईनं छातीवर झगा अडकवायला लावलेली. एनिड त्याच्याबरोबर होती, नेहमीच असायची. तो यंत्र घेऊन पुढे, ती खुरपं आणि पिशवी घेऊन मागे. जागा टिपायची त्यांची पद्धत ठरलेली. फाटकाच्या खांबाकडे पाठ करायची, चर्चच्या मनोऱ्यावर नजर ठेवायची आणि सरळ चालायचं. तो पावलं टाकी, ती मोजी. त्या दिवशी दोनशे बारा भरली.

आणखी एक पद्धत त्याची एकट्याची होती. खड्डा बुजवताना तळाशी त्या वर्षाचं एक नाणं टाकायचं. "जमिनीचं घेतलं तर जमिनीला द्यावं," असं त्याचं म्हणणं. एरवी तो एक-दोन पेनी टाकी. त्या दिवशी मात्र त्यानं खिशातून नवा कोरा पौंड काढला. पौंडाचं नाणं तेव्हा नुकतंच निघालं होतं.

"अरे, पौंड?" एनिड म्हणाली. "डोकं फिरलं का तुझं? अंडी, पाव, चहा सगळं येतं त्यात!"

"ब्रोच बघ आणि मग बोल," असं म्हणून त्यानं तो टाकला. वर माती लोटली आणि डाव्या बुटानं दाबली. घरी येईपर्यंत दोघं पौंडावरून भांडत होते.

आता ही ब्रोच तो गुपचूप विकू शकला असता. त्यानं विकली नाही. तो ती म्युझियममध्ये घेऊन गेला. तिथे होते डॉ. हॅरॉप. त्या काळात पुरातत्त्ववाले आणि डिटेक्टरवाले यांचं सख्य म्हणजे मांजर आणि ओलं फडकं. हॅरॉपनी ब्रोच दोन्ही हातांनी घेतली, आणि क्लिफर्डचं यंत्र दारातून बाजूला सरकवताना दोन बोटांत धरलं, मेलेला उंदीर धरावा तसं. मग पेन उघडून विचारलं, "कुठल्या शेतात?"

त्याच महिन्यात बाहेरगावचे चोरटे व्हॅन घेऊन येऊन पलीकडच्या गावातलं एक शेत चाळणीसारखं करून गेले होते, कारण त्या शेताचं नाव पेपरात आलं होतं. शिवाय तो उंदीर. क्लिफर्डच्या तोंडून क्लबाची सवय बोलून गेली. "लार्टरचं बाराएकरी."

बाराएकरी आणि क्रो ही दोन्ही शेतं थोरल्या लार्टरचीच, मध्ये एक कुंपण. मालकाचं काही बिघडलं नाही. पण पुढच्या वसंतात हॅरॉप अकरा विद्यार्थी घेऊन आले आणि बाराएकरीत तीन आठवडे खणत बसले. पाऊस असा, की खड्ड्यात बदकं उतरली. मिळालं काय, तर मातीची एक चिलीम आणि घोड्याचा नाल. क्लिफर्ड रोज थर्मासातून चहा घेऊन जायचा, बरोबर एनिडचा केक. रोज जाताना म्हणायचा, "आज सांगतो." रोज परत येऊन बूट काढायचा आणि ते बघत बसायचा. शेवटच्या दिवशी कंबर धरून उभ्या हॅरॉपनी त्याचा हात हातात घेतला. म्हणाले, "थर्टल, तुमच्या लोकांबद्दल माझं मत चुकलं होतं. तुम्ही प्रामाणिक माणूस आहात."

त्यानंतर कसं सांगणार? कुणी सांगितलं असतं?

त्या हस्तांदोलनानं क्लिफर्डला जन्मभर कामाला लावलं. उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र बाजारात आलं तेव्हा तालुक्यात पहिलं त्यानं घेतलं. पुढच्या वर्षांत चौदाशेवर वस्तू नोंदवल्या, बटणसुद्धा सोडलं नाही, प्रत्येकाची जागा पावलाभराच्या आत अचूक. क्लबातल्या पोरांना दम भरायचा, "जागा नाही तर वस्तू म्हणजे भंगार!" कप निघाला तो त्यामुळेच. चौदाशे खऱ्या ठिपक्यांखाली त्याला तो एक खोटा ठिपका दाबून टाकायचा होता. इस्पितळात शेवटी शेवटी तो म्हणाला, "एनिड, क्रो..." ती म्हणाली, "ठाऊक आहे. झोप तू."

इथपर्यंत सगळं पोटात राहिलं असतं. पण २०१४ च्या सप्टेंबरात, एका शुक्रवारी, चौकात फिश-अँड-चिप्सची व्हॅन आली होती आणि रांगेत एनिडच्या मागे नेव्हिल लार्टर उभा होता. थोरल्याचा मुलगा. एनिडनं त्याला शाळेत वाढलेलं.

"एकच मासा, मिसेस थर्टल? दोन घ्या की. हाडं दिसायला लागली तुमची."

"माझी हाडं मी बघते. तुझं पोट बघ, रांगेत तुझ्याआधी पोचलंय."

नेव्हिल खूश होता. क्रो टेकडीवर तळं खणणार होता, बटाट्याच्या पाण्यासाठी. एक आठवडा सोडून पुढच्या सोमवारी मशिनं येणार होती.

"परवानगी मिळाली?" एनिडनं विचारलं.

"चुटकीसरशी! पुरातत्त्ववाल्यांनी नकाशा बघितला. क्रोवर एक ठिपका नाही. तुमच्या क्लिफर्डची ब्रोच बाराएकरीत निघालेली, आणि तिथं तर त्यांनी स्वतःच खणून हात टेकलेत. देवाची कृपा, म्हातारा कधी क्रोवर फिरला नाही! नाहीतर बसलो असतो वर्षभर बोंबलत."

एनिड चिप्सवर व्हिनेगर घालायचं विसरून घरी गेली. ही बातमी व्हॅनवाल्यानं सोमवारपर्यंत सगळ्या गावाला सांगितली, कारण तीस वर्षांत असं घडलं नव्हतं.

शनिवारभर ती बाहेर दिसली नाही. तिच्या मनात काय चाललं असेल ते सांगायला फार अक्कल लागत नाही. गप्प बसलं तर क्लिफर्डचं नाव कपावर चकचकीत राहणार. टेकडीत जी कुणी बाई असेल ती एका सकाळीत डंपरमध्ये भरून जाणार, आणि ती तिथं होती हे जगात एकट्या एनिडला ठाऊक राहणार. बोललं तर मेलेल्या नवऱ्याला गावासमोर खोटारडा म्हणायचं, तेही स्वतःची बाजू मांडायला तो नसताना. रविवारी ती चर्चला आली, पण स्तोत्राला तोंड उघडलं नाही. बाहेर पडताना मनोऱ्याकडे बघत बराच वेळ उभी होती.

सोमवारी तिनं इमोजेन रॅकमला फोन केला. इमोजेन ही जिल्ह्याची शोधनोंदणी अधिकारी. लोकांना सापडलेल्या वस्तू बघायच्या, फोटो काढायचे, जागेसकट संगणकात चढवायच्या, हे तिचं काम. तिशी-पस्तिशीची, गाडीत कायम चिखलाचे बूट. एनिडनं तिला स्वयंपाकघरात बसवलं, पुढे केक ठेवला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं.

इमोजेननं केकला हात लावला नव्हता. "डॉ. हॅरॉप मला शिकवायला होते," ती म्हणाली. "ते तीन आठवडे ते प्रत्येक वर्गाला सांगायचे. एकटी वस्तू किती फसवी असते याचं उदाहरण म्हणून."

"आहेत अजून?"

"नाहीत. चार वर्षं झाली."

एनिड खाली बसली. मग इमोजेननं वही काढली. "मिसेस थर्टल, जागा नक्की सांगता येईल? माझ्याकडे आठवडा आहे, आणि ते शेत सोळा एकरांचं."

एनिडनं शेडमधून क्लिफर्डची तेल लागलेली वही आणली. त्यात एवढंच होतं: 'क्रो. खांबापासून मनोऱ्याकडे. २१२.'

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी टेकडीवर गेल्या. फाटक कधीच गेलं होतं, पण सडक्या खांबाचं खोड गवतात सापडलं. इमोजेन त्याला पाठ करून मनोऱ्याकडे निघाली. लांब टांगांची पोरगी, दोनशे बारा पावलं मोजून पार टेकडीच्या माथ्यावर पोचली. डिटेक्टर फिरवला. बंदुकीची काडतुसं, बाटलीचं झाकण, ट्रॅक्टरचा नट. तासभर ती तिथं गोल गोल फिरत राहिली.

एनिड खांबापाशीच उभी होती. शेवटी तिनं हाक मारली, "अगं, परत ये! ती तुझी पावलं झाली!"

क्लिफर्डला लहानपणी पोलिओ झाला होता. डावा पाय दीड इंच आखूड, त्याला जाड तळाचा बूट. उजवं पाऊल नेहमीसारखं पडायचं, डावं निम्मंच, आणि दोन्हींच्या मध्ये एक छोटा थांबा. वर्षानुवर्षं एनिड त्या चालीच्या मागून शेतं तुडवत होती. तिनं खोडाला पाठ लावली, मनोरा बघितला आणि चालायला लागली. उजवा लांब, थांबा, डावा आखूड. तोंडानं मोठ्यानं आकडे. पन्नासच्या आत ती पुरती लंगडायला लागली. इमोजेन यंत्र घेऊन मागून येत होती, आणि तिनं मला पुढे सांगितलं, की शंभरनंतर तिला त्या म्हातारीच्या पाठीकडे बघवेना, म्हणून ती जमिनीकडे बघत चालली.

दोनशे बाराला एनिड थांबली. इमोजेन पोचली होती त्या टेकडीमाथ्यापासून चाळीस-पंचेचाळीस मीटर अलीकडे. "इथं. खाली नाणं असेल," ती म्हणाली. "त्र्याऐंशीचा पौंड. त्यावरून आम्ही भांडलो होतो."

इमोजेननं यंत्र फिरवलं. पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीत, एनिडच्या डाव्या बुटापासून दोन हातांवर, एक स्वच्छ गोड सूर वाजला.

तिनं गुडघ्यावर बसून माती काढली. वीतभर खाली पौंड होता. काळवंडलेला, पण वर्ष वाचता येत होतं. एनिडनं तो हातात घेतला नाही. "तुझ्या पिशवीत घाल," म्हणाली, "आणि जागा लिही. नीट लिही."

पुढचं मशिनांचं काम. दोन माणसं खांद्यावर चौकट घेऊन दोन दिवस टेकडीवर रेघोट्या मारत हिंडली. ते जमिनीतलं चुंबकत्व मोजणारं यंत्र इतकं हळवं, की चालवणाऱ्यानं खिशात किल्ली ठेवायची नाही, पट्ट्याला बक्कल नाही, आणि त्यांतली एक बाई होती तिच्या आतल्या कपड्यांना हूकसुद्धा नाही. ही माहिती सिरिलनं काढली. कशी ते आम्ही विचारलं नाही. पडद्यावर करड्या रंगाचं चित्र उमटलं, आणि त्यात पौंडाच्या जागेपासून जवळच एक काळं कडं. थडग्याभोवती खणलेला चर. त्याच्या आजूबाजूला, नांगराखाली, आणखी पुसट डाग.

नेव्हिल लाल होऊन आला. "मिसेस थर्टल, मी तुमच्या हातचं खाऊन वाढलो, आणि तुम्ही माझंच तळं बुडवलंत?"

"तळं बुडवलं नाही रे. बाराएकरीत खण. ते रिकामं आहे, डॉक्टर हॅरॉपनी तीन आठवडे खणून सही करून दिलंय."

नेव्हिल जमिनीकडे बघून म्हणाला, "पाइप लांब पडेल." पण त्यानं मशिनं थांबवली, आणि तळं पुढे बाराएकरीतच झालं. हॅरॉपची मेहनत अशी तीस वर्षांनी कामी आली.

राहिला क्लब. ऑक्टोबरच्या बैठकीत एनिड कप पिशवीत घालून आली आणि टेबलावर ठेवला. "यावर ज्याचं नाव आहे तो खोटं बोलला. ब्रोच क्रोवर सापडली. मी बरोबर होते आणि मीही गप्प बसले. तुम्ही नाव खोडा."

मागून एकजण म्हणाला, "माझं नोंदकार्ड क्लिफर्डनं तीनदा परत पाठवलं होतं. जागेच्या आकड्यांतले शेवटचे दोन नव्हते म्हणून. चारचौघांत भंगारवाला म्हणाला मला."

"म्हणाला खरा," एनिड म्हणाली. "मी होते तिथं." तिनं खाली बघितलं नाही.

सिरिल केरिसन उठला. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, उठायलाच वेळ लागतो. "पोरी एनिड," तो म्हणाला, "तीस वर्षं? आणि आम्ही समजत होतो तुझ्या पोटात दुखतं म्हणून तू बोलत नाहीस." कुणी हसलं नाही. त्यानं खाकरून घेतलं. "तोंडानं तो खोटं बोलला हे खरं. पण जाताना खरा पत्ता जमिनीत पुरून गेला. इथं बसलेल्यांपैकी कुणी खड्ड्यात पेनी तरी टाकलीय? राहू दे नाव." मग तो एनिडबरोबर आलेल्या इमोजेनकडे वळला, आणि आवाज जरा खाली आला. "आणि बाईसाहेब, ती माझी चांदीची अंगठी... लाँग मेडोच्या शेतात नव्हती सापडली ती."

ख्रिसमसपर्यंत इमोजेनच्या नकाशावरचे सतरा ठिपके हलले. कोणाकोणाचे ते मला ठाऊक आहे, पण यादी देत नाही. त्यातला एक माझा आहे.

क्रोवर नऊ थडगी निघाली. कड्यातलं थडगं इतकं वर होतं, की इमोजेन म्हणाली, आणखी दोन नांगरटींत काही उरलं नसतं. एनिड रोज थर्मास आणि केक घेऊन जायची. एका दुपारी तिला काठावर बोलावलं. आत एक बाई कुशीवर निजली होती, गुडघे दुमडलेले, दात झिजलेले. पन्नाशीची असावी. गळ्यापाशी मण्यांची ओळ, दोन्ही खांद्यांवर लहान ब्रोच, आणि छातीवर, जिथं मोठी असायला हवी, तिथं नांगराची तिरकी खूण.

"तिची वस्तू आम्ही नेली," एनिड म्हणाली.

"नांगरानं वर काढली, तुम्ही उचललीत. नाहीतर चुरा झाली असती. आणि आता ती कुणाची ते कळलं."

एनिडनं मान हलवली, पण होकार होता की नाही ते सांगता येणार नाही. ती तिथं अंधारून येईपर्यंत उभी राहिली. सगळे निघाले तेव्हा चहाचे कप मोजून पिशवीत भरले.

नोव्हेंबरच्या शेवटी खड्डे बुजवायला घेतले. हाडं आणि मणी पेट्यांतून गेले होते. इमोजेननं खिशातून एक चकचकीत पेनी काढली, २०१४ ची. "आम्हीही टाकतो तळाशी," ती म्हणाली. "पुढे कुणी खणलं तर कळावं, की आधी कुणीतरी येऊन गेलंय. तुम्ही टाका."

एनिडनं ती पेनी बघितली, परत दिली, आणि आपली पर्स उघडून एक पौंड काढला. वाकून तो ठेवला, फेकला नाही. वर पहिली फावडंभर माती पडेपर्यंत थांबली.

मग खांबाकडे निघाली. आम्ही खांबाच्या खोडाशी उभे होतो, तिच्या थर्मासची वाट बघत. उतारावरून ती ओठ हलवत येत होती, आणि तिचा डावा पाय सबंध वाटभर आखूड पडत होता. सिरिलनं हात पुढे केला, तर तिनं त्याला थांबायची खूण केली. खोडाला हात लावला, तेव्हा कुठं ती बोलली.

"दोनशे बारा," ती म्हणाली, आणि थर्मासचं झाकण उघडलं.